पाण्याच्या पाइपमध्ये वेग किती चालतो? आधी ते पाणी थांबते कसे, ते पाहा

गोव्यात डिचोलीतल्या एका सोसायटीच्या सचिवांनी विचारले आहे. इमारत चार मजली, फ्लॅट १६. संपातून (जमिनीखालच्या टाकीतून) गच्चीवरच्या ५,००० लिटरच्या टाकीत पाणी चढवणारा पाइप एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), लांबी साधारण ३० मीटर. जुन्या १ एचपीच्या पंपाला टाकी भरायला सव्वा तास लागायचा, म्हणून ३ एचपीचा बसवला. आता टाकी ४० मिनिटांत भरते, पण पाइप घरघरतो, पंप बंद होताना भिंतीत कोणी घण घातल्यासारखा आवाज येतो आणि सहा महिन्यांत तळाचा एल्बो (वळणावरचा जोड) दोनदा गेला. एक सभासद म्हणतात, ३ मीटर प्रति सेकंदापर्यंत वेग चालतो. प्लंबर म्हणतो, १ च्या वर नको. खरे कोणाचे?

दोघांचेही आकडे हवेतले नाहीत. पण पाइप कुठला, किती मोठा आणि त्यातले पाणी कशामुळे थांबते, हे विचारल्याशिवाय दोन्ही आकडे अर्धवट आहेत. तुमच्यापुरते उत्तर आधी देतो: तुमच्या पाइपमध्ये आज पाणी सेकंदाला ३.६ मीटरच्या आसपास धावते आहे आणि ते फार जास्त आहे. तिथे १ ते १.५ मीटर ठेवा. त्यासाठी पाइप बदलावा लागेल. नवा एल्बो आणून भागणार नाही. आता यामागचे कारण समजून घ्या, कारण सभेत तुम्हाला ते सोळा घरांना पटवायचे आहे.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. ५,००० लिटर भागिले २,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला २.०८ लिटर. या आकड्याला १,२७३ ने गुणा आणि पाइपच्या आतल्या व्यासाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गाने भागा. एक इंची मध्यम दर्जाच्या जीआय पाइपचा आतला व्यास साधारण २७ मिमी असतो. उत्तर येते ३.६३ मीटर प्रति सेकंद. हा हिशेब टाकीवर खूण करून, हातात घड्याळ घेऊन कोणीही करू शकतो. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात निम्म्या तक्रारी एवढ्या एका भागाकाराने उलगडल्या आहेत.

त्या वेगाची किंमत बघा. थोडा जुना जीआय पाइप धरला, तर या वेगाला घर्षणातच दर मीटरला जवळजवळ १ मीटर दाब जातो (१ मीटर दाब म्हणजे १ मीटर उंच पाण्याचा दाब). म्हणजे इमारतीची उंची १६ मीटर आणि घर्षणाची 'उंची' ३० मीटर! एल्बो, वॉल्व वगैरे धरून तुमचा पंप जणू पंधरा मजली इमारतीवर पाणी चढवतो आहे. म्हणूनच पंपाची ताकद तिप्पट झाली, तरी पाणी दुप्पटसुद्धा झाले नाही. सव्वा तासाची चाळीस मिनिटे झाली, एवढेच. वेग दुप्पट केला की घर्षण जवळजवळ चौपट होते, त्यातून कोणाची सुटका नाही.

हेच पाणी ४० मिमी जीआयमधून न्या. आतला व्यास साधारण ४२ मिमी, वेग १.५, घर्षण ३० मीटरला साडेतीन मीटर. ५० मिमी घेतला तर वेग ०.९४ आणि घर्षण जेमतेम १ मीटर. टाकी तेव्हाही ४० मिनिटांतच भरेल, पण त्याला १ ते दीड एचपीचा, दाब-प्रवाहाचा तक्ता पाहून नीट निवडलेला पंप पुरेल. रोज दोनदा टाकी भरत असाल (माणशी १३५ लिटर आणि घरात पाच माणसे धरली, तर १६ घरांना दिवसाला १०,८०० लिटर लागतातच), तर ३ एचपी आणि १ एचपी यांच्यातला फरक दिवसाला दोन युनिट होतो, वर्षाला सातशेच्या वर. पाइपचा खर्च एकदाच करावा लागतो, विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते.

आता ३ मीटरच्या आकड्याबद्दल. तो शहरांच्या मोठ्या जलवाहिन्यांसाठी वरची सीमा म्हणून सांगितला जातो, तशी खालची सीमा ०.६. पण तो मोठ्या व्यासांना शोभणारा आकडा आहे. ६०० मिमीच्या वाहिनीत ३ मीटर वेगाला किलोमीटरमागे साधारण १९ मीटर दाब जातो. तुमच्या एक इंची पाइपमध्ये त्याच वेगाला किलोमीटरमागे ७०० मीटर जाईल. वेग एकच, पण भुर्दंड पस्तीस पटींहून जास्त. आणि मोठ्या वाहिन्यांतसुद्धा कोणी जाणता अभियंता रोजच्या वापरासाठी ३ धरत नाही. पंपाने चढवायच्या वाहिनीत १ ते १.५ हेच विजेच्या आणि पाइपच्या खर्चाचा मेळ घालणारे माप ठरते. सड्यावरच्या टाकीतून पाणी आपल्या वजनाने उतरत असेल, तर दाब फुकटचा असतो, तिथे २ पर्यंत जायला हरकत नाही. फक्त उताराच्या पायथ्याशी असलेल्या घरांना किती दाब मिळतो, ते पाहावे.

पण पाइप फोडतो तो घर्षणामुळे वाया जाणारा दाब नव्हे. फोडतो पाण्याचा घण.

वाहते पाणी म्हणजे धावती आगगाडी आहे. इंजिन एकदम थांबवले, तर मागचे डबे पुढच्यावर आदळतात. पाणी दाबले जात नाही असे आपण शाळेत शिकलो. पण ते किंचित दाबले जाते, पाइपही किंचित फुगतो, आणि ती दाबाची लाट लोखंडी पाइपमधून सेकंदाला हजार-बाराशे मीटर वेगाने धावत सुटते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून हा हिशेब पक्का केला. लक्षात ठेवायला सोपे माप असे: लोखंडी पाइपमध्ये सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी एकदम थांबले, तर साधारण १०० ते १२० मीटरचा दाब वाढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १० ते १२ किलो. २ मीटर वेग असेल तर त्याच्या दुप्पट. वेगाची मर्यादा ठरवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे पाणी कशाने थांबणार आहे, आणि किती वेळात?

'एकदम' म्हणजे किती, हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळले. फोंडा तालुक्यात ६०० मिमीच्या एका वाहिनीवर गळती काढायची होती. दुपारचे ऊन, खड्ड्यात माणसे ताटकळलेली. मोठ्या स्लुइस वॉल्वची (वाहिनी बंद करणाऱ्या, आत सरकणाऱ्या झडपेच्या वॉल्वची) चावी फिरवायला मीही हात लावला होता. सुरुवातीचे फेरे भराभर झाले. शेवटचे थोडे उरले, तसा आमचा जुना लाइनमन पुढे आला, त्याने चावी धरली आणि म्हणाला, "साहेब, आता घाई नको. अर्धा फेरा, मग दम घ्यायचा." प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर तो चावीच्या दांड्याला कान लावायचा. आतला सूं-सूं आवाज कमी झाला की पुढचा अर्धा फेरा. मला वाटले, उगीच वेळ काढतो आहे. संध्याकाळी खोलीवर येऊन हिशेब केला. वाहिनी टाकीपर्यंत ९ किलोमीटर, लाट जाऊन परत यायला १८ सेकंद. तेवढ्या वेळाच्या आत वॉल्व बंद झाला, की पाण्याच्या दृष्टीने तो क्षणात बंद झाल्यासारखाच. वेग १.२ होता, म्हणजे १२० मीटरचा जादा दाब खड्ड्यातल्या माणसांच्या डोक्यावर आला असता. आणि स्लुइस वॉल्वचा स्वभाव असा, की तो जवळजवळ मिटेपर्यंत प्रवाह फारसा तुटत नाही. सगळी तोड शेवटच्या थोड्या फेऱ्यांत होते. त्या माणसाने हे कुठल्या वर्गात शिकले नव्हते. तेव्हापासून मी कुठल्याही वाहिनीचा सुरक्षित वेग लिहिताना शेजारी वॉल्व बंद करायला लागणारा वेळ लिहितो. तो लिहिला नसेल, तर वेगाचा आकडा माझ्या लेखी अपुरा.

तुमच्या इमारतीत काय होते? पाइप फक्त ३० मीटर, लाट जाऊन यायला सेकंदाचा विसावा भाग. पंपाची वीज तुटली की वर धावणारा पाण्याचा स्तंभ उंची आणि घर्षण या दोहोंमुळे साधारण अर्ध्या सेकंदात थांबतो आणि उलटा खाली यायला लागतो. तुमच्या नॉन-रिटर्न वॉल्वची (पाणी उलटे येऊ न देणाऱ्या वॉल्वची) झडप लोंबती असेल, तर ती तोवर उघडीच राहते. पाणी अर्धा मीटर वेगाने उलटे आले आणि मग झडप आपटली, तरी सोळा मीटरच्या दाबावर आणखी साठेक मीटर चढतात. तोच तुमचा घणाचा आवाज. तळाच्या एल्बोवर एरवी पंप चालू असतानाच चाळीसेक किलोचा रेटा असतो; झडप आपटली की तो आणखी वाढतो, आणि पाइपला भिंतीत पक्के क्लॅम्प नसतील तर एल्बो दर वेळी हिसका खातो. आटे घालताना तिथे पाइपची जाडी आधीच कमी झालेली असते, म्हणून तो तिथेच जातो. एल्बो बिचारा वाईट नव्हता.

म्हणून पाइपबरोबर नॉन-रिटर्न वॉल्वही बदला. स्प्रिंगचा, उभ्या पाइपमध्ये चालणारा घ्या. पाणी उलटे फिरायच्या आतच तो मिटतो.

प्लास्टिकच्या पाइपांबद्दल एक गैरसमज ऐकतो, की ते लवचिक असल्याने वेग कितीही चालतो. लाट त्यांत हळू धावते हे खरे, यूपीव्हीसीमध्ये सेकंदाला तीन-चारशे मीटर. त्यामुळे घणही लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. पण यूपीव्हीसी थकते. रोज आठ वेळा पंप चालू-बंद झाला तर पंधरा वर्षांत चाळीस हजारांवर हिसके होतात, आणि एका फटक्याला सहज पेलणारा सांधा चाळीस हजाराव्याला उकलतो. शिवाय सिमेंटने चिकटवलेल्या सांध्यात घाई झालेली असते. प्लास्टिकमध्ये मी दीडच्या वर जात नाही. आणि खरेदी करताना जपा: जीआयचा आकडा आतल्या व्यासाच्या जवळपास असतो, यूपीव्हीसी आणि एचडीपीईचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. ६३ मिमीचा जाड एचडीपीई पाइप (एसडीआर ११, म्हणजे बाहेरचा व्यास जाडीच्या ११ पट) आतून ५१ मिमीच भरतो. ६३ धरून हिशेब केला असेल, तर खरा वेग दीडपट निघेल. दुकानात 'दोन इंची' म्हणून जे मिळेल, त्यात पट्टी घालून मोजा.

आता दुसरी बाजू. वेग फार कमी झाला तरीही पाणी बिघडते, आणि आपल्या गोव्यात हे दुखणे मला जास्त जवळचे वाटते. कारण त्याचा आवाज येत नाही.

गोव्यात २०२१ मध्ये घरगुती ग्राहकांना महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत झाले होते. तेवढेच वापरणारे घर दिवसाला ५३३ लिटर घेते. वाड्याच्या टोकाला अशी दहा घरे आणि त्यांच्यासाठी १०० मिमीची ५०० मीटर लांब बंद टोकाची वाहिनी धरा. चोवीस तासांच्या सरासरीने तिच्यात पाणी सेकंदाला फक्त ८ मिलिमीटर सरकते. ते पाइपमध्ये अठरा तास पडून राहते. इतक्या वेळात क्लोरीन उतरत जाते (नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक हवे) आणि तरंगते ते तळाला बसते. आपली जमीन लोह आणि मँगनीजची. गाळण झाल्यावरही जे अंशमात्र उरते, ते संथ पाइपच्या पोटात काळपट, बुळबुळीत थर होऊन बसते. पावसाळ्यात नद्या गढूळ झाल्या की त्यात भर पडते.

पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर वर्षभर निम्म्या घरांना कुलूप. चवथीला सगळी मुंबईहून येतात, कुलपे उघडतात, एकाच संध्याकाळी सगळे नळ सुटतात. एका वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी वहिनीने नळाखाली तांब्याची कळशी लावली आणि मला हाक मारली. कळशीत चहाच्या रंगाचे पाणी. नैवेद्याचा स्वयंपाक करायचा होता. ती काही बोलली नाही, फक्त कळशी माझ्यासमोर ठेवली. घरात पाण्याचा इंजिनियर मीच. प्रक्रिया केंद्रात काही चुकले नव्हते. अकरा महिने मुंगीच्या पावलांनी चाललेले पाणी त्या संध्याकाळी धावले आणि तळचा थर उठला, इतकेच घडले होते. पाइपला खालच्या वेगाची सवय झाली की नुसता नेहमीचा वेगसुद्धा त्याला खवळवतो.

अशा टोकाच्या वाहिन्यांत ०.६ चा वेग रोज मिळणे शक्यच नसते. तिथे उपाय म्हणजे टोकाला धुण्याचा वॉल्व ठेवणे आणि सणाच्या आठवडाभर आधी वाहिनी मुद्दाम वेगाने धुणे. १०० मिमीच्या वाहिनीत १.५ मीटर वेगासाठी सेकंदाला १२ लिटरच्या आसपास पाणी सोडावे लागते. ५०० मीटर पाणी साडेपाच मिनिटांत पालटते. दोन-तीन वेळा पालटले की बहुतेक थर निघतो. पंचायतीने पाणीपुरवठा खात्याकडे हे मागणे करावे, त्यात संकोच कसला? आणि पुढे वस्ती वाढेल म्हणून आजच दुप्पट व्यासाचा पाइप घालण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्यालाही हा हिशेब दाखवावा. मोठा पाइप नेहमी सुरक्षितच असतो असे नाही.

तास-दोन तासच पाणी येते तिथे आणखी एक गोष्ट. रिकामी वाहिनी भरताना पाण्याच्या पुढे हवा पळत असते. ती उंचवट्यावर अडकते किंवा एखाद्या नळातून सुटते, आणि मागचे पाणी मोकळ्या जागेत जाऊन आदळते. म्हणून भरताना वेग ०.३ च्या आत ठेवावा आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर हवेचा वॉल्व चालू स्थितीत असावा. आपल्या चढ-उतारांच्या गावांत हे वॉल्व चिखलाने बुजलेले मी फार पाहिले आहेत.

पंपाच्या शोषणाच्या बाजूला वेग १ च्या आसपासच ठेवा, पाइप एक माप मोठा घ्या; नाहीतर पंपाच्या पंख्यावर बुडबुडे फुटून धातू खाल्ला जातो. हॉटेलवाल्यांसाठी: तांब्याच्या पाइपमध्ये थंड पाणी २.४ पर्यंत चालते, गरम १.५ पर्यंत, आणि ६० अंशांच्या वर तापवलेले सतत फिरत असेल तर ०.९ च्या आत, नाहीतर वळणांवर तांबे झिजून टाचणीएवढी भोके पडतात.

एक कळकळीची विनंती. टाकी लवकर भरावी म्हणून कोणी सरकारी वाहिनीला थेट पंप जोडायचे सुचवील. ते करू नका. नियमात बसत नाही ते आहेच, पण पंप ओढायला लागला की वाहिनीत दाब शून्याखाली जातो, आणि मग जिथे सांधा गळका असेल तिथून गटाराचे, शेताचे पाणी आत येते. ते तुमच्याच शेजाऱ्याच्या घरातले मूल पिते.

तुमच्या कामाचा क्रम असा ठेवा. आधी ५० मिमीचा पाइप, स्प्रिंगचा नॉन-रिटर्न वॉल्व, आणि प्रत्येक मजल्यावर दोन पक्के क्लॅम्प, तळच्या एल्बोखाली चिऱ्याचा आधार. ४० मिमीनेही काम होईल, पण जीआय दहा वर्षांत आतून गंजून अरुंद होतो, तेव्हा ५० चा पैसा वसूल होतो. जुना १ एचपीचा पंप फेकला नसेल, तर नव्या पाइपवर आधी तोच लावून घड्याळाने वेळ मोजा. टाकी ५० मिनिटांच्या आत भरली तर ३ एचपीचा विकून टाका. पंपाजवळ, नॉन-रिटर्न वॉल्वच्या पुढे, दोनशे-तीनशे रुपयांचा प्रेशर गेज (दाब दाखवणारे घड्याळ) बसवा.

मग टाकी भरत आली की एकाला गेजजवळ उभे करा आणि तुम्ही तळच्या एल्बोवर तळहात ठेवा. पंप बंद करा. गेजचा काटा १.६ किलोच्या आसपास येऊन न थरथरता थांबला आणि हाताला हिसका लागला नाही, तर काम झाले. काटा उसळला, तर किती उसळला तो आकडा आणि वॉल्वचा फोटो पाठवा, पुढचे मी पाहतो.